रॉकेलने धुतलेला पंप आणि पावसाळ्यातलं दुधाळ तेल : एका प्रतिक्रियेला उत्तर

पॅकिंग मशीनच्या व्हॅक्यूम पंपाची निगा कशी राखावी, यावर मी लिहिलेल्या लेखाला एका वाचकांची लांबलचक आणि चांगलीच तिखट प्रतिक्रिया आली. ते पनीर पॅक करतात आणि तेलावर चालणारा रोटरी व्हेन पंप अठरा वर्षं वापरतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : मी कंपनीचं मॅन्युअल मराठीत उतरवून छोट्या उद्योजकांना घाबरवतो. सकाळी पंप वीस मिनिटं रिकामा चालवायला वीज फुकट येत नाही. कंपनीचं तेल ही लूट आहे, २०डब्ल्यू४० इंजिन ऑइल घातलं तरी ‘काही होत नाही’. वर्षातून एकदा रॉकेलने धुतला की पंप लख्ख होतो. पावसाळ्यात तेल दुधासारखं होतं, पण ते सगळ्यांचंच होतं. व्हेन (पंपाच्या आतल्या सरकत्या पट्ट्या) दरवर्षी बदलाव्या लागतात, पण त्या झिजायच्याच. आवाज नको म्हणून त्यांनी पंप मागच्या शेडमध्ये ठेवलाय. तिथून मशीनपर्यंत एक इंची पाईप तीस फूट, आणि एक्झॉस्टचा पाईप सरळ छपराच्या वर. शेवटी सवाल : एवढी कटकट असेल तर ड्राय, म्हणजे बिनतेलाचा पंप घ्या असं सरळ का सांगत नाही?

दादा, तेलाच्या किमतीवरचा राग रास्त आहे. कंपनीच्या डब्यातलंच तेल हवं असं अजिबात नाही. व्हॅक्यूम पंपासाठी म्हणून विकलं जाणारं, पंपाला सांगितलेल्याच ग्रेडचं मिनरल तेल कुणाचंही चालेल. तुमच्या आकाराच्या पॅकिंग पंपांना बहुधा व्हीजी १०० (हा तेलाच्या दाटपणाचा ग्रेड) लागतं. खाण्याचा माल आहे म्हणून एच१ दर्जाचं फूड ग्रेड घेतलंत तर उत्तम. इथवर आपलं जमतं.

मला खटकलं ते व्हेनचं वाक्य. नीट चालवलेल्या पंपात व्हेन वर्षानुवर्षं जातात. तुमच्या दरवर्षी जातात, आणि त्याची कारणं तुमच्याच प्रतिक्रियेत आहेत.

या पंपाचा रोटर सिलिंडरच्या मधोमध नसतो, एका बाजूला असतो. तो फिरला की व्हेन खाचांतून बाहेर फेकल्या जातात आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीला घासत जातात. व्हेन आणि भिंतीतली फट बुजवतं ते तेल. ते वंगण आहे, सील आहे आणि उष्णता वाहून नेणारंही आहे. त्यात पाणी शिरलं की तिन्ही कामं एकदम बिघडतात. वर पंप रात्रभर बंद राहिला की ओतीव लोखंडाचा सिलिंडर आतून गंजतो, आणि सकाळी व्हेन त्या खरबरीत भिंतीवरून फिरायला लागतात.

हे पाणी येतं कुठून? पनीरमधून. दाब ८.७ मिलीबारवर आला (बाहेरच्या हवेचा साधारण १०१३) की पाणी ५ अंशांवर उकळतं, म्हणजे फ्रीजमधून काढलेल्या गार पनीरवरचं पाणीसुद्धा चेंबरमध्ये वाफ होतं. माल पुरता गार न करता पॅक केलात तर विचारूच नका. ४० अंशांवर पाण्याच्या वाफेचा दाब ७४ मिलीबारच्या आसपास असतो. ही वाफ पंपात येते आणि दाबली जाते. एक्झॉस्टची झडप उघडायला आतला दाब वातावरणाच्या वर, म्हणजे १०१३ मिलीबारच्या पुढे जावा लागतो. पण गरम पंपात, ७० अंशांवर, पाण्याची वाफ ३१२ मिलीबारपर्यंतच वाफ म्हणून टिकते, त्यापुढे दाबली की तिचं पाणी होतं. पंप गार, २५ अंशांवर असेल तर ही मर्यादा फक्त ३२ मिलीबार. म्हणजे झडप उघडायच्या कितीतरी आधी वाफेचं पाणी होतं आणि तेलात मिसळतं. तुमचं ते दुधासारखं तेल हेच.

यावरची युक्ती जर्मनीच्या वोल्फगांग गेडे यांनी १९३५ मध्ये काढली : दाबण्याच्या टप्प्यात बाहेरची थोडी हवा आत सोडायची. मग वाफेचं पाणी व्हायच्या आत हवा-वाफ मिळून दाब पुरेसा होतो, झडप उघडते आणि वाफ वाफेच्याच रूपात बाहेर जाते. हाच गॅस बॅलास्ट. काही पॅकिंग पंपांना तो कायम उघडा असतो, काहींना छोटा व्हॉल्व्ह असतो. तुमच्या पंपाला व्हॉल्व्ह असेल आणि कुणीतरी ‘व्हॅक्यूम कमी येतो’ म्हणून तो कधीचाच आवळून ठेवलेला असेल, तर मला नवल वाटणार नाही. बॅलास्ट उघडा असला की शेवटचा व्हॅक्यूम थोडा कमी येतो हे खरंच आहे. पनीरला तेवढ्याने फरक पडत नाही. (जाता जाता : बॅलास्ट बंद असताना पूर्ण व्हॅक्यूमला पंप खडखडतो, तो बहुतेक वेळा तेलाचा आवाज असतो. बॅलास्ट उघडल्यावर थांबला तर काळजी नको.)

पण बॅलास्टही गार पंपात फारसा उपयोगी नाही, म्हणून सकाळची ती वीस मिनिटं. इनलेट (हवा ओढणारं तोंड) बंद, बॅलास्ट उघडा, पंप गरम होऊ द्यायचा. संध्याकाळी काम संपल्यावर पुन्हा तसंच वीस मिनिटं, म्हणजे तेलात मुरलेलं पाणी उडून जातं. आता विजेचा हिशोब. तीन एचपीची मोटर पूर्ण लोडवर धरली तरी चाळीस मिनिटांत दीड युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर रोजचे पंधरा, महिन्याचे साडेचारशे. इनलेट बंद असताना मोटर एवढी खातही नाही. व्हेनचा सेट, ऑइल सील आणि मिस्त्रीची मजुरी यांचं शेवटचं बिल काढून शेजारी ठेवा.

इंजिन ऑइलचं माझं सांगून पटणार नाही, स्वतः बघा. काचेच्या दोन बाटल्या घ्या. एकीत व्हॅक्यूम पंपाचं तेल, दुसरीत २०डब्ल्यू४०. दोन्हींत चमचाभर पाणी घालून चांगलं हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पहिल्या बाटलीत पाणी तळाशी बसलेलं दिसेल, दुसरीत सगळं गढूळच. इंजिन ऑइलमधलं डिटर्जंट घाण तरंगती ठेवायलाच घातलेलं असतं. गाडीत ते गुणाचं, इथे घातक, कारण पाणी वेगळंच होत नाही. योग्य तेल असेल तर सकाळी पंप सुरू करण्याआधी ड्रेन प्लग जरा सैल करून खाली बसलेलं पाणी काढून टाकता येतं. तेल गढूळ असेल तर ती सोयही गेली.

रॉकेल मात्र कृपा करून बंद करा. पंपाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत आणि एक्झॉस्ट फिल्टरच्या गाभ्यात ते राहतंच. पुढे ते नव्या तेलाला पातळ करतं, पंप गरम झाला की वाफ होऊन व्हॅक्यूम पाडतं, आणि गरम एक्झॉस्टमध्ये त्याची वाफ आगीला निमंत्रण देते. धुवायचंच असेल तर तेल गरम असताना काढा, नवं तेल भरून पंप अर्धा तास चालवा, तेही काढा आणि मग शेवटचं भरा. एक्झॉस्ट फिल्टर धुऊन परत बसवायचा नसतो, बदलायचा असतो. त्याच्या गेजवर ०.६ बारच्या वर दाब दिसला किंवा मोटरचा अँपिअर चढला की समजा तो भरला.

आता तुमची शेड. एक्झॉस्ट सरळ वर नेलाय, म्हणजे ओली गरम हवा पाईपमध्ये गार होते आणि पाणी त्याच पाईपने परत पंपात उतरतं. छपरावर टोपी नसेल तर पाऊसही. ‘सगळ्यांचंच होतं’ ते पावसाळ्यामुळे कमी आणि अशा पाईपमुळे जास्त. पाईप पंपापासून दूर उतरता न्या. ते जमत नसेल तर खाली टी बसवून नळ लावा आणि रोज पाणी सोडा. इनलेटची एक इंची तीस फूट लाईनही बदला. पंपाच्या तोंडापेक्षा पाईप बारीक असता कामा नये. दाब जितका खाली जातो तितका बारीक पाईपचा अडथळा वाढतो, म्हणून शेवटच्या काही मिलीबारलाच तुमचं मशीन रेंगाळत असणार.

एक मुद्दा तुम्ही काढला नाहीत, तरी सांगतो, कारण पावसाळ्यात डीपीवर काम झालं की फेज उलटी होणं आपल्याकडे नवीन नाही. विहिरीवरची मोटर उलटी फिरली की पाणी नीट येत नाही, एवढंच. हा पंप उलटा फिरला तर व्हेन तुटू शकतात. फेज उलटी असेल तर मोटर सुरूच होऊ न देणारा फेज सिक्वेन्सचा रिले बसवा.

ड्राय पंप मी टाळतो असं नाही. कार्बन व्हेनचा ड्राय पंप साधारण १०० ते १५० मिलीबारलाच थांबतो, त्यावर पनीरची पिशवी नीट आवळली जात नाही. ड्राय स्क्रू पंप खूप खाली जातो, पण त्याची किंमत तेलाच्या पंपाच्या कितीतरी पट. तुमच्या आकाराच्या उद्योगाला तेलाचाच पंप परवडतो.

उद्या सकाळी पंप सुरू करण्याआधी ड्रेन प्लग सैल करून आधी काय बाहेर येतं ते बघा. नेमप्लेटवरचा मॉडेल नंबर आणि क्षमता इथेच कळवा, म्हणजे इनलेटला दीड इंची पाईप पुरेल की दोन इंची लागेल ते सांगतो. आणि काढलेलं तेल गटारात नको. वापरलेलं तेल २०१६च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं, ते अधिकृत रिसायकलरकडेच द्या.