अवंतिकाबाईंचा फोटो लावून कुणाला घरी बसवताय?

आठ मार्च उलटून गेला तरी महिला आरक्षणाविरुद्धचा तो फॉरवर्ड काही थांबायचं नाव घेत नाही. माझ्या मावसबहिणीला तो तिच्याच गावच्या ग्रुपवर आला. खाली एका भाऊसाहेबांनी तिला टॅग करून वर हात जोडल्याचं चिन्हही टाकलं होतं. ती ग्रामपंचायतीत महिला राखीव जागेवरून निवडून आलेली सदस्य आहे, त्यामुळे टोमणा कुणाला होता हे सगळ्या ग्रुपला कळलं. तिने तो मला पाठवला आणि विचारलं, "ताई, याला काय उत्तर देऊ?" तिथे चार ओळींत मावणार नाही, म्हणून इथे लिहिते.

मजकूर थोडक्यात असा. शंभर वर्षांपूर्वी अवंतिकाबाई गोखले कुठल्याही आरक्षणाशिवाय, निव्वळ गुणवत्तेवर मुंबई महापालिकेत गेल्या. अरुणा असफ अली अशाच देशाच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. आजच्या राखीव बायका मात्र सहीपुरत्या, कारभार नवरे बघतात. बाई सरपंच झाली की गावाची कामं ठप्प. लायक पुरुषांच्या निम्म्या जागा गेल्या. सबब आरक्षण बंद करा, हीच अवंतिकाबाईंना खरी आदरांजली!

अरुणा असफ अलींचं आधी उरकून टाकू. त्या १९५८ साली दिल्लीच्या महापौर झाल्या. मुंबईत सुलोचना मोदी त्याआधी दोन वर्षं, १९५६ मध्येच महापौर झाल्या होत्या. दोन मिनिटांत तपासता येणारी गोष्ट ज्याला तपासायची नाही, तो इतिहासाच्या नावाने आदरांजली वाहायला निघालाय.

आता मुख्य मुद्दा, 'आरक्षणाशिवाय'. अवंतिकाबाई आणि सरोजिनी नायडू १९२३ च्या सुमारास पालिकेत गेल्या, कारण त्याच्या जेमतेम आधी कायदा बदलला होता. तोवर बाईला उभं राहायलाच बंदी होती. तिची गुणवत्ता, शिक्षण, समाजकार्य काहीही असो, ती बाई आहे एवढं कारण पुरेसं होतं. म्हणजे त्याआधीची कित्येक वर्षं पालिकेत शंभर टक्के जागा पुरुषांना राखीव होत्या. फक्त त्याला कुणी आरक्षण म्हणत नव्हतं. शिवाय तेव्हा मत सगळ्यांना नव्हतं. कर किंवा ठरावीक भाडं भरणाऱ्यांनाच होतं. मुंबईत प्रत्येक प्रौढाच्या मतावर पालिकेची निवडणूक झाली ती थेट १९४८ साली. त्या काळाला 'निव्वळ गुणवत्तेचा जमाना' म्हणायचं असेल, तर खुशाल म्हणा.

आणि एकदा वाट मोकळी झाल्यावर गुणवत्तेच्या जोरावर बायका भराभर पुढे आल्या म्हणता? मग मुंबईचाच हिशोब घ्या. सुलोचनाबाई महापौर झाल्या १९५६ साली. त्यांच्यानंतरची महिला महापौर कधी? निर्मला सामंत प्रभावळकर, १९९४. मध्ये अडतीस वर्षं! या अडतीस वर्षांत एवढ्या मोठ्या शहरात एकही लायक बाई जन्माला आली नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा. १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली, गावापासून शहरापर्यंत किमान एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखल्या गेल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. त्यानंतर मुंबईच्या महापौरपदी किती बायका आल्या ते तुम्हीच मोजा.

खुद्द अवंतिकाबाई कोण होत्या, हे तरी फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ठाऊक आहे का, शंका आहे. नोव्हेंबर १९१७ मध्ये गांधीजींनी चंपारणात बडहरवा गावी शाळा काढली, ती चालवायला मुंबईहून बबन गोखले आणि अवंतिकाबाई हे जोडपं गेलं. हिंदी नीट येत नाही, मग मुलांना शिकवायचं कसं, हा प्रश्न होताच. व्याकरण राहू द्या, स्वच्छता आणि चांगलं वळण शिकवा, असं गांधीजींनी सांगितलं. पुढे आत्मकथेत त्यांनी लिहून ठेवलं की अवंतिकाबाईंची शाळा आदर्श ठरली, त्यांनी त्या कामात जीव ओतला. आता बघा, नवरा तिथेही सोबत होता. त्यांना कुणी 'शाळापती' म्हटलं नाही आणि बाईंच्या कामाचं श्रेय नवऱ्याच्या खात्यावर जमा केलं नाही. १९१८ साली त्यांनी हिंद महिला समाज काढला आणि मराठीत गांधीजींचं चरित्रही लिहिलं. त्याला प्रस्तावना टिळकांची. घराबाहेर पडणाऱ्या बायकांची संख्या वाढावी यासाठी जिने आयुष्य घातलं, तिच्याच फोटोखाली 'बायका कमी करा' हा संदेश! निर्लज्जपणालाही काही हद्द असते.

आता 'सहीपुरत्या बायका'. इथे मला गप्प बसता येत नाही आणि सरळ नाहीही म्हणता येत नाही. सरपंचपती आहेत. भरपूर आहेत. सत्काराचा नारळ आणि शाल घेणारे आहेत, बायकोच्या खुर्चीत बसून लोकांना 'बोला, काय काम?' विचारणारेही आहेत. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायचा नियम आहे; कित्येक गावांत ती शिपायाने घरोघर रजिस्टर फिरवून, सह्या गोळा करून 'होते'. हे सगळं खरं.

पण ही फाइल नवऱ्याच्या हातात देतं कोण? मावसबहीण निवडून आल्यावर पहिले काही महिने मासिक सभेची नोटीस तिच्या नवऱ्याच्या फोनवर यायची. पाइपलाइनच्या बिलावर तिने हरकत घेतली आणि प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या नोंदीत) लिहा म्हणाली, तर ग्रामसेवक (आता म्हणे ग्रामपंचायत अधिकारी) म्हणाले, "ताई, तुम्ही कशाला त्रास घेता, दाजींना पाठवा, आम्ही बोलून घेतो." दाजी बिचारे शाळेत शिक्षक, त्यांना पाइपलाइनमधलं काही कळत नाही. तिने हरकत स्वतः कागदावर लिहिली, दोन प्रती केल्या आणि एकीवर पोच घेतली. तेव्हापासून नोटीस शिपाई तिच्या हातात आणून देतो. बाई सहीपुरतीच राहावी अशी सोय गाव, ऑफिस आणि पक्ष मिळून करतात, मग तेच लोक फॉरवर्ड पाठवतात की बघा, बाई सहीपुरती आहे.

त्यात फिरत्या आरक्षणाचा घोळ. पहिल्या वर्षी ती इस्टिमेट वाचायला शिकते, दुसऱ्या वर्षी पंचायत समितीत कोणत्या टेबलाला काय लागतं ते कळतं, हात बसतो तोवर पाच वर्षं संपतात. पुढच्या सोडतीत जागा खुली निघते आणि तिला प्रेमाने सांगितलं जातं, 'ताई, तुमची टर्म झाली.' खुली जागा बाईलाही लढवता येते, हे त्या वेळी कुणालाच आठवत नाही.

'बाई आली की कामं ठप्प' याला उत्तर द्यायला माझ्या मताची गरज नाही. पश्चिम बंगालमध्ये प्रधानपद (म्हणजे आपल्याकडचं सरपंचपद) बायकांसाठी राखीव होणारी गावं चिठ्ठीसारख्याच पद्धतीने ठरत होती, त्यामुळे तुलना चोख करता आली. एस्थर डुफ्लो (२०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्यांपैकी एक) आणि राघवेंद्र चट्टोपाध्याय यांना २००४ मध्ये दिसलं की बाई प्रधान असलेल्या ठिकाणी पिण्याच्या पाण्यावर जास्त पैसा गेला. पुढे २०१२ मध्ये बीरभूम जिल्ह्यातल्या ४९५ गावांचा अभ्यास छापून आला. जिथे दोन वेळा प्रधानपद बाईसाठी राखीव राहिलं, तिथे मुलींच्या आणि मुलांच्या आकांक्षांमधली तफावत ३२ टक्क्यांनी कमी झाली आणि शिक्षणातलं अंतर पुसलं गेलं. चावडीवर बसणाऱ्यांनी मात्र पुढचं वाचावं. डुफ्लो आणि पेटिया टोपालोव्हा यांच्या अभ्यासात असंही निघालं की बाईच्या कारभारात सोयी जास्त आणि दर्जा निदान तेवढाच असूनही लोक कमी समाधानी होते. नळाला पाणी आलं तरी तोंड वाकडंच. तेव्हा 'कामं ठप्प' हे गावात फिरून बघितलंय की पारावर ऐकलंय, एवढं फॉरवर्ड ढकलण्याआधी स्वतःला विचारा.

राहिल्या 'लायक पुरुषांच्या निम्म्या जागा'. उरलेली निम्मी जागा पुरुषांना राखीव नाही, ती सगळ्यांसाठी आहे. त्या निम्म्यात तुमच्या पक्षाने मागच्या वेळी किती बायका उभ्या केल्या, ते आपापल्या वॉर्डाची उमेदवारांची यादी काढून ग्रुपवर टाका. भाऊसाहेबांनी सुरुवात करावी.