‘नवा पायथॉन आला की एक्स्टेन्शन मेलंच’ हे खरं नाही

सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की पायथॉनसाठी सी भाषेत लिहिलेलं एक्स्टेन्शन, म्हणजे पायथॉनला जोडायचा कंपाइल केलेला तुकडा, दर नव्या आवृत्तीला मरतंच. घाई असेल तर फाईलच्या नावातला आकडा बदला, चालून जातं. स्टेबल एबीआयच्या (एकदा बांधलेली फाईल पुढच्या आवृत्त्यांवरही चालावी, या सोयीच्या) नादी लागू नका, वेग जातो. आणि सगळ्यात बरं म्हणजे जुना पायथॉन धरून बसा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात लागलेल्या एका मुलाने ‘सर, हे खरं आहे का?’ म्हणून मला तो पाठवला, म्हणून हे सविस्तर उत्तर.

नावाचा आकडा बदलण्याचा सल्ला सगळ्यात घातक आहे, म्हणून आधी तो घेतो. ‘३१० च्या जागी ३१२ करा’ म्हणणाऱ्याला वाटतं की ते नुसतं लेबल आहे. पण ३१० म्हणजे पायथॉन ३.१०; हे एक्स्टेन्शन कोणत्या आवृत्तीच्या आतल्या रचनेवर बेतलंय, तेच त्या आकड्यातून कळतं.

हे मी स्वतः करून बघितलंय. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चढवायच्या टॉवेलच्या डिझाइनसाठी आम्ही एक छोटं एक्स्टेन्शन लिहिलं होतं. चित्र घ्यायचं, दिलेल्या आकड्याइतके धागे सरकवायचं आणि मागासाठी फाईल काढायची, एवढंच त्याचं काम. आकडा ऋण असेल तर डावीकडे, धन असेल तर उजवीकडे. कारखान्यातला उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर गेला, म्हणजे पायथॉन ३.१० चा ३.१२ झाला. सोर्स हाताशी नव्हता, म्हणून फाईलचं नाव बदललं. एक्स्टेन्शन निमूट लोड झालं, एकही एरर नाही. सॅम्पल टॉवेल मागावरून उतरला तेव्हा डिझाइनमधला मोर काठात घुसलेला होता. उणे १२ दिले होते आणि चित्र १२ धागे उजवीकडे गेलं होतं.

कारण असं. आमच्या कोडने आकड्याचं चिन्ह ओळखायला पूर्णांकाच्या ऑब्जेक्टमधलं आकाराचं खानं थेट वाचलं होतं. ३.११ पर्यंत आकडा ऋण असला की त्या खान्यातली किंमतही ऋण असायची. ३.१२ मध्ये पूर्णांकाची आतली मांडणी बदलली आणि त्याच जागी चिन्ह आणि आकार एकत्र सांगणारा एक टॅग आला. उणे १२ साठी त्या टॅगची किंमत १० असते, अधिक १२ साठी ८. दोन्ही धनच. आमच्या कोडला ऋण आकडा म्हणून दिसेचना. विंडोजवर हा उद्योग केला असता तर बहुतेक वेळा फाईल लोडच झाली नसती, कारण ती ३.१० ची डीएलएल (पायथॉनची स्वतःची लायब्ररी फाईल) मागते. ती मशीनवर सापडली तर आणखी वाईट, एकाच प्रोसेसमध्ये दोन पायथॉन शिरतात.

आता ‘मरतंच’ या दाव्याकडे. वरच्या गोष्टीत एक्स्टेन्शन नव्या आवृत्तीमुळे बिघडलं असं मी म्हणणार नाही. जे खानं आमचं नव्हतं, त्यात आम्ही हात घातला होता. याच दुखण्यावर पायथॉनने ३.२ पासून, म्हणजे २०११ पासून, मर्यादित एपीआय (वापरायला मोकळ्या फंक्शनांची ठरलेली यादी) दिलाय. मेसेजमधला स्टेबल एबीआय याच्याच जोरावर मिळतो. हेडर घेण्याआधी एक मॅक्रो डिफाइन करायचा, त्यात आपल्याला हवी असलेली सगळ्यात जुनी आवृत्ती सांगायची. मग कंपायलर बहुतेक आतल्या खान्यांना हात लावू देत नाही. त्यावर बांधलेली फाईल त्या आवृत्तीपासून पुढच्या ३.क्ष आवृत्त्यांवर पुन्हा कंपाइल न करता चालते. क्रिप्टोग्राफी हे पॅकेज अशाच व्हील्स (तयार बांधलेल्या इन्स्टॉल फाईली) देतं. तुम्ही ते इन्स्टॉल केलं असेल तर हा मार्ग नकळत वापरलेलाच आहे.

बदल फुकट होत नाहीत, हे मान्य. सोर्स सापडल्यावर आमच्या ऑब्जेक्टचा कोडमध्ये पक्का लिहिलेला (स्टॅटिक) टाइप काढून तो वर्णनावरून (स्पेक) प्रोग्रॅम चालताना बनवावा लागला. चिन्ह ओळखायला आकडा सरळ सीच्या लाँगमध्ये घेतला. चित्राचा डेटा बफरमधून, म्हणजे थेट मेमरीतून, येतो आणि बफरची सोय मर्यादित एपीआयमध्ये ३.११ पासून आहे, म्हणून किमान आवृत्ती ३.११ धरली. त्यानंतर तीच एक फाईल ३.१२, ३.१३ आणि ३.१४ वर चालली. एक अपवाद मात्र मुलांना सांगायलाच हवा. ३.१३ आणि ३.१४ चं जीआयएलविना (एका वेळी एकच थ्रेड चालू देणाऱ्या कुलपाविना) चालणारं बिल्ड ही फाईल घेत नाही, त्यासाठी वेगळी बांधावी लागते.

वेगाचं म्हणाल तर काही मॅक्रोंच्या जागी फंक्शन कॉल येतात, एवढं खरं. लूपच्या प्रत्येक फेरीला लिस्टमधून एकेक ऑब्जेक्ट उचलत असाल तर तो फरक जाणवेल. आमचा लूप बफरवर चालतो आणि आत एकदाही पायथॉनला हाक मारत नाही. तिथे हरवायला वेग आहेच कुठे?

राहिलं जुना पायथॉन धरून बसणं. इथल्या कारखान्यांत अजून विंडोज ७ ची मशीनं आहेत. त्यांवर ३.८ च्या पुढे जाता येत नाही, तिथे इलाज नाही. पण ३.८ च्या सुरक्षा दुरुस्त्या ऑक्टोबर २०२४ मध्ये संपल्या आणि नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीनेही १.२४ नंतर ३.८ सोडलं. ज्या मशीनला इंटरनेट आहे, ज्यावर पार्टीचे (गिऱ्हाइकांचे) ईमेल उघडतात, ते केवळ एका एक्स्टेन्शनसाठी तिथे अडकवून ठेवू नका. तुमचा जुना कोड आधी त्या मॅक्रोसह कंपाइल करून बघा. जी एररची यादी येईल, त्यात तुमचं बहुतेक काम दिसेल. आमच्याकडे ती गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीतल्या दोन दुपारींत संपली.