मी कधी उठायचं हे ब्युरोवाला ठरवणार?

साडेनऊ वाजले तरी मी आज पलंगावरच होते. माझी देखभाल करणारी बाई आलीच नाही. तिला पाठवणाऱ्या इथल्या, नाशिकच्या ब्युरोवाल्याला फोन केला तर आधी "द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकली असेल" आणि तासाभराने "ताई, ती आज येत नाहीये, आजचा दिवस जरा अ‍ॅडजस्ट करा."

काय अ‍ॅडजस्ट करू? मणक्याला मार लागल्यापासून माझं छातीखालचं शरीर हलत नाही, हातांची बोटं नीट मिटत नाहीत. रात्रभर भरलेली लघवीची पिशवी रिकामी करायची, कूस बदलायची, पोट साफ करायचं, अंघोळ, मग व्हीलचेअर. यातलं काय उद्यावर ढकलू? एकाच कुशीवर पडून राहिलं की माकडहाडापाशी जखम होते, आणि मला ती दुखतही नाही, कारण तिथे संवेदनाच नाही. लक्षात येईपर्यंत ती पार आत गेलेली असते. शेवटी समोरच्या काकूंना बोलावलं. सत्तरी उलटलेली बाई, गुडघे धरून धरून चालते, तिने माझी पिशवी रिकामी केली. पैसे ब्युरो घेणार आणि काम काकू करणार?

बदली बाई पाठवतात तेव्हाही तीच गत. "सगळं येतं तिला" म्हणून मागच्या आठवड्यात एकीला पाठवलं. तिने कूस वळवायला सोपं जावं म्हणून भरलेली पिशवी उचलून माझ्या पोटावर ठेवली! पिशवी मूत्राशयाच्या वर गेली की नळीतली लघवी उलटी आत जाते आणि मग इन्फेक्शन, थंडी वाजून ताप. मी ओरडले तेव्हा तिने ती खाली अडकवली. मग व्हीलचेअरचे ब्रेक न लावताच काखेत हात घालून मला ओढायला लागली. थांबवलं तर म्हणते, "आम्ही पेशंट असेच उचलतो."

तिच्यावर मी चिडलेले नाही. तिला कोणी कधी शिकवलंय? आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, फोटो काढला, दिली पाठवून. मी महिन्याला भरते त्यातले जेमतेम निम्मे तिच्या हातात पडतात, हे तिनेच सांगितलं. आठवड्याची सुट्टी नाही, आजारी पडली की पगार कापणार. देवळालीगावातून पहाटे निघायचं ते या पैशांत? दुसरीकडे दोन पैसे जास्त मिळाले की ती जाणारच, आणि मी परत नव्या बाईला पहिल्यापासून शिकवत बसणार, तेही उघड्या अंगाने पलंगावर पडून.

आणि तो करार! त्यात "पेशंटच्या नातेवाईकाची सही" अशी ओळ आहे. मी घरून अकाउंट्सची कामं करते, इंदिरानगरातला हा फ्लॅट माझ्या नावावर आहे, ब्युरोचे पैसे माझ्या खात्यातून जातात. तरी सही पुण्यातल्या भावाची पाहिजे. सुपरवायझर घरी आला की माझ्यासमोर काकूंना विचारतो, "यांना जेवायला काय देता?" अरे, मी इथे बसलेय, मला विचार की.

वर नातेवाईक आहेतच. "एकटी कशाला राहतेस? भावाकडे जा, नाहीतर एखाद्या आश्रमात बघ." का जाऊ? संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर चक्कर मारायची, रविवारी मिसळ खायला जायचं, रात्री पाहिजे तितका वेळ दिवा चालू ठेवायचा, हे मला माझ्या घरात हवंय.

2016 च्या अपंग हक्क कायद्याचं कलम 5 हेच तर सांगतं. अमुक ठिकाणीच राहा अशी सक्ती आमच्यावर होऊ नये आणि घरी राहण्यासाठी मदतनीसासकट सेवा मिळाव्यात, यासाठी सरकारने प्रयत्न करायचे आहेत. कलम 24 मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी मदतनीस भत्त्याचा उल्लेख आहे. राज्यात 2022 पासून दिव्यांगांसाठी वेगळा विभागसुद्धा आहे. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे महिन्याचे पैसे 1,500 वरून 2,500 रुपये केले, पण तेवढ्यात बारा तासांची बाई आठवडाभरही येत नाही. मग हा हक्क आम्ही वापरायचा कसा? ज्याच्याकडे पैसे त्याने ब्युरोच्या मर्जीवर जगायचं आणि ज्याच्याकडे नाहीत त्याच्या आईने म्हातारपणीही त्याला उचलत राहायचं?

मी फार काही मागत नाहीये. बाई येणार नसेल तर आदल्या रात्री कळवा. बदली पाठवायची तर तिला आधी पिशवी, नळी आणि उचलण्याची पद्धत शिकवा, आणि शिकण्याच्या दिवसांचे पैसे तिला द्या. तिला सुट्टी द्या, पूर्ण पगार द्या, म्हणजे ती टिकेल. आणि करारावर सही माझी घ्या. ती चालत नसेल तर माझ्या खात्यातले पैसेही मागू नका.