मावशी, ते छप्पर घोड्यांसाठी नाही

मावशीने सकाळी सकाळी घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकलं. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातल्या जुन्या लाकडी पुलाचा फोटो, वर घरासारखं उतरतं छप्पर, आणि खाली त्याची ‘खरी कारणं’: घोडे पाणी बघून बुजायचे, पुलावर बर्फाचा भार नको, प्रेमी जोडप्यांना आडोसा हवा. शेवटी टोमणा: ‘पावसाशी संबंध नाही, होड्या पाण्यातच असतात की!’ दुपारपर्यंत पंधरा अंगठे.

बर्फाचं आधी. छप्पर उभं कशावर? पुलाच्याच कैच्यांवर, त्याला तोलणाऱ्या तिरप्या तुळयांच्या सांगाड्यांवर. म्हणजे त्यावर साचलेला बर्फ तोलायचा पुलानेच. उतारावरून थोडा घसरतो, एवढंच. ओझं टोपलीत घातलं म्हणून मानेला हलकं लागतं का? आणि गंमत पुढे आहे. हिवाळ्यात तिकडे घसरगाड्या चालत, त्या छपराखालच्या कोरड्या फळ्यांवर अडत. मग गावं मजुरी देऊन, फावड्याने बाहेरचा बर्फ पुलात पसरून घेत!

घोड्यांचं अर्धं खरं असेल. बाजूच्या फळ्यांमुळे पाणी दिसत नाही, जनावर शांत जातं. पण त्याला बाजू पुरतात, डोक्यावर छप्पर कशाला? कॅनडातला हार्टलंडचा पूल, ३९१ मीटर लांब, १९०१ साली सुरू झाला तो उघडाच. छप्पर आलं १९२२ च्या सुमारास. मधली वीस वर्षं घोडे काय पोहत गेले?

आता पाऊस. फिलाडेल्फियाचा श्कूलकिल नदीवरचा पूल १८०५ मध्ये खुला झाला. तो झाकून घ्या, असा कंपनीचे अध्यक्ष न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांचा आग्रह. बांधणारा टिमथी पामर एका पत्रात लिहितो की उघडे पूल दहा-बारा वर्षांतच जड गाड्यांना धोक्याचे होतात, नीट झाकला तर हा तीस, कदाचित चाळीस वर्षं टिकेल. वर हेही, की हा सल्ला माझ्याच पोटावर पाय आणणारा आहे असं काही जण म्हणतात. पूल लवकर कुजले तर नवी कामं त्यालाच मिळणार ना! अशा माणसाचं ऐकायचं की फॉरवर्डचं?

कुजतात ते सांधे. एका तुळईचं टोक दुसरीच्या खाचेत बसवलेलं असतं, तिथे पाणी मुरतं आणि लवकर सुकत नाही. कायम पाण्याखाली बुडालेलं लाकूड टिकतं, भिजतं-सुकतं ते जातं. कुंपणाचा मेढा आठव, नेमका जमिनीलगत मऊ होतो. आणि होड्यांचं तू मला सांगतेस? कोकणात जन्म गेला तुझा. मे संपता संपता मातीच्या भिंतींना झापं कोण बांधायचं? होड्यासुद्धा पावसाळ्यात वर ओढून झापांखाली शाकारून ठेवतात.

जोडप्यांचं म्हणशील तर तिकडे अशा पुलांना ‘चुंबनाचे पूल’ म्हणायचे, हे खरं. पण त्यासाठी छपराचे पैसे कुठल्या गावाने मंजूर केले असते, तूच सांग.