मजबुती वेगळी, घर्षण वेगळं

‘कंडिशनरने केस मजबूत होतात’ हे तुमच्या लेखातलं सरसकट विधान पटलं नाही. केसाची ताकद आतल्या केराटिनमध्ये, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनतो त्यात असते. कंडिशनर बसतो मुख्यतः केसाच्या बाहेरच्या थरातल्या बारीक खवल्यांवर. ब्लीचने तुटलेले डायसल्फाइड बंध (केराटिनला आतून बांधून ठेवणारे गंधकाचे दुवे) तो जोडत नाही, त्यामुळे एक केस ताणून तोडायला लागणारा जोर फारसा बदलत नाही. कमी होतं ते घर्षण. खराब झालेल्या भागावर ऋण विद्युतभार जास्त, म्हणून कंडिशनरमधले धन भाराचे रेणू नेमके तिथे चिकटतात आणि कंगवा सरकतो. ओला केस कमी जोरातही तुटतो, तेव्हा तर हे फारच मोलाचं! मुलीचे ब्लीच केलेले केस मी टोकांपासून वर सोडवत जाते. कंडिशनर लावला की कंगव्यात आखूड तुकडे मोजकेच राहतात. मजबुती आणि घर्षण यांतला एवढा फरक लेखात जरूर घाला.