कॉम्प्युटरची पदवी आणि दहा म्हशींचा हिशोब

परवा रात्री साडेदहा वाजता अहमदपूरहून दाजींचा फोन आला. भाचीला नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळून चारच दिवस झाले होते आणि तो रद्द करायचा अर्ज कोठे द्यावा लागतो, एवढेच त्यांना विचारायचे होते. कारण व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक संदेश, जो तोवर मलाही तीन गटांतून येऊन गेला होता. त्याचा सारांश असा: कॉम्प्युटर शाखा संपली, टीसीएसने लाखभर माणसे काढली, गुगलचा पाव भाग कोड आता यंत्रच लिहिते, अमेरिकेत कलेचा इतिहास शिकलेले कामावर आहेत आणि कॉम्प्युटरवाले घरी, तेव्हा पोरांना आयटीआयला घाला, पोलीस भरतीला बसवा, नाहीतर दहा म्हशी घेऊन द्या, महिन्याला लाख रुपये सुटतील आणि फीचे दहा लाख वाचतील ते वेगळेच. खाली सही ‘एक निवृत्त प्राध्यापक’. मी स्वतः बावीस वर्षे तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवले आहे, त्यामुळे या सहीचा राग अंमळ जास्तच आला.

अमेरिकेचा दाखला आधी घेतो, कारण तो दाखला खरा आहे आणि फसवणूकही त्याच्याच आडून झाली आहे. न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह बँक 22 ते 27 वर्षे वयाच्या पदवीधरांची विषयवार स्थिती प्रसिद्ध करते. 2023 सालच्या आकडेवारीत संगणकशास्त्राच्या पदवीधरांमध्ये बेकारीचा दर 6.1 टक्के, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगमध्ये 7.5 टक्के आणि कलेच्या इतिहासात 3 टक्के होता. इथवर संदेश बरोबर आहे. पण त्याच तक्त्यात लगेच शेजारी आणखी एक रकाना आहे. ज्या कामाला पदवीची गरजच नाही अशा कामावर किती पदवीधर आहेत, हे त्यात दिलेले असते. संगणकशास्त्रात हे प्रमाण 16.5 टक्के होते आणि कलेच्या इतिहासात 46.9 टक्के. म्हणजे कलेचा इतिहास शिकलेला जवळजवळ दर दुसरा तरुण पदवी बाजूला ठेवून मिळेल ते काम करतो, म्हणून तो बेकारांत मोजला जात नाही. कॉम्प्युटरवाला मात्र आपल्या शिक्षणाला साजेसे काम मिळेपर्यंत थांबतो, असाच अर्थ यातून निघतो. एक रकाना दाखवून दुसरा झाकणाऱ्याला निवृत्त प्राध्यापक म्हणण्याची माझी तयारी नाही. शिवाय हे आकडे अमेरिकेचे आहेत. त्यांवरून अहमदपूरच्या मुलीचा प्रवेश रद्द करणे म्हणजे शेजारच्या गावात पाऊस पडला म्हणून आपल्या रानात पेरणी करणे होय.

टीसीएसचे ‘लाखभर’ कोठून आले, कोण जाणे. कंपनीने जुलै 2025 मध्ये जाहीर केले ते सुमारे 12 हजार लोकांना कमी करण्याचे, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या 2 टक्के, आणि तेही मुख्यतः मधल्या व वरच्या फळीतले. त्याच जुलै-सप्टेंबरच्या तिमाहीत एकूण संख्या सुमारे 20 हजारांनी घटली, हेही खरे आहे आणि ते लपवण्याचे मला कारण नाही. तरी 5 लाख 93 हजारांवर लोक तेथे उरलेच. गुगलबद्दलचे वाक्य तर अर्धेच उचलले आहे. सुंदर पिचाई यांनी ऑक्टोबर 2024 मध्ये सांगितले ते असे की, नव्या कोडपैकी पाव भागाहून अधिक कोड एआय तयार करते आणि नंतर इंजिनिअर तो तपासून स्वीकारतात. तपासणारे इंजिनिअर संदेशातून गळाले.

आता म्हशी. मराठवाड्यात बसून हे लिहिणाऱ्याने गोठा निदान बाहेरून तरी पाहिला असेल का, अशी शंका येते. चांगली दुभती मुऱ्हा म्हैस लाखाच्या आत मिळत नाही, म्हणजे गोठा, कडबाकुट्टी यंत्र आणि विम्याचा खर्च धरण्याआधीच दहा-बारा लाख रुपये गुंतले. फीचे वाचवलेले दहा लाख येथेच संपले! म्हैस एका वेतात साधारण दहा महिने दूध देते आणि दोन वेतांत चौदा-पंधरा महिन्यांचे अंतर पडते. त्यामुळे दहांपैकी कोणत्याही वेळी सहा-सातच दुभत्या असतात आणि भाकड असलेल्यांनाही वैरण घालावीच लागते. दहा जनावरांना दिवसाला अडीच-तीन क्विंटल हिरवी वैरण, वर कडबा, सरकी पेंड आणि नुसते पिण्याचे सहा-सातशे लिटर पाणी लागते. एप्रिल 2016 मध्ये लातूर शहराला प्यायचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले होते. त्या उन्हाळ्यात कडब्याची पेंढी काय भावाने मिळत होती, हे दाजींनाच विचारावे. त्यांनी दोन म्हशी तेव्हाच विकल्या. दुसऱ्या टोकाला, सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत सोयाबीन पाण्याखाली गेले, रान खरवडून निघाले आणि जनावरेही वाहून गेली. ज्याच्या घरी विहीर, वैरण आणि राबणारी माणसे आहेत, त्याने म्हशी जरूर पाळाव्यात. पण नोकरीची अनिश्चितता नको म्हणून दुधाच्या धंद्यात जा, हा सल्ला देणाऱ्याने दूध संघाचे बिल कधी हाती घेतलेले नसावे.

पोलीस भरतीचे दोन वाक्यांत सांगतो. 2024 मध्ये राज्यात 17,471 जागांसाठी 17 लाखांहून अधिक अर्ज आले होते, म्हणजे एका जागेमागे शंभरच्या आसपास उमेदवार. याला सुरक्षित वाट म्हणायचे असेल तर शब्दांचे अर्थ बदलावे लागतील. आयटीआयबद्दल माझी तक्रार नाही, चांगल्या इलेक्ट्रिशियनला काम मिळतेच. परंतु वाळूजच्या कारखान्यांत ठेकेदारामार्फत लागलेल्या मुलांना वर्षाच्या शेवटी पुन्हा गेटवर उभे राहावे लागते, हे संदेशात असते तर तो प्रामाणिक झाला असता.

फीचा मुद्दा भाचीला लागूच नाही. 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा शासन निर्णय जुलै 2024 चा आहे. वसतिगृह आणि खानावळीचा खर्च राहतो. तो दहा लाख होत नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. प्रवेश घेतला की नोकरी ठरलेली, हे दिवस गेले. माझ्याच पुतण्याला 2022 मध्ये एका कंपनीने नेमणुकीचे पत्र दिले आणि रुजू करून घ्यायला अकरा महिने लावले. एका शाखेच्या जागांवरची मर्यादा एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय परिषदेने, 2024-25 पासून काढल्यावर तर अनेक महाविद्यालयांनी मेकॅनिकल, सिव्हिलचे वर्ग आटोपते घेऊन कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या; पाटी ‘एआय’ची आणि शिकवायला परवा पदवी घेतलेला मुलगा, अशी स्थिती मी डोळ्यांनी पाहिली आहे. नुसता पाठ केलेला कोड उतरवून काढणाऱ्या पदवीधराचे पुढे कठीण आहे. संदेशाने एवढेच म्हटले असते तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता.

म्हणून दाजींना अर्ज कोठे द्यायचा ते सांगितले नाही. भाचीच्या विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आहेत, प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी असते का आणि मागच्या तुकडीतली किती मुले प्रत्यक्ष रुजू झाली, हे सोमवारी नांदेडला जाऊन विचारून या, असे सांगितले. ते जाणार आहेत. जाताना भाचीलाही बरोबर नेणार आहेत, कारण इतक्या दिवसांत तिला काय वाटते हे कोणी विचारलेच नव्हते.