नव्या बापाचा सोबती व्हायचं असेल, तर सातव्या महिन्यात भेटा

तरुण बापांना मदत करायला निघालेले बरेच स्वयंसेवक बारशानंतर पोचतात. माझं ठाम मत आहे की तोवर फार उशीर झालेला असतो. आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. बायको सातव्या-आठव्या महिन्यात जाते, ती बाळ दोन-तीन महिन्यांचं झाल्यावरच परत येते. तेवढा काळ बाप सासुरवाडीला रविवारी जाणारा पाहुणा असतो. बाळ त्याच्या हातात दोन मिनिटं, तेही फोटोपुरतं. मग "त्याला काय कळतंय!" हे घरातले सगळेच म्हणतात, आणि हळूहळू त्यालाही ते पटतं.

म्हणून पहिली भेट बायको माहेरी जायच्या आधी घ्या. घरात, त्याच्या आईसमोर नको. त्याची कामाची पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर अर्धा तास पुरतो. उपदेश करू नका, कागद काढा. बाळंतपण कोणत्या दवाखान्यात, रात्री गाडी कोणाची, १०८ ला पत्ता नेमका कसा सांगायचा, बायकोचा रक्तगट काय, माता-बाल संरक्षण कार्ड कुठे ठेवलंय? पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये हप्त्यांनी तिच्याच खात्यात येतात. ते खातं चालू आहे आणि आधारला जोडलंय, हे त्यानेच बघायचं. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत.

बाळ झाल्यावर खरं काम फोनवर चालतं. "सगळं ठीक ना?" विचारलंत तर "हो" एवढंच ऐकू येईल. त्याऐवजी विचारा, "कालपासून लंगोट किती वेळा ओला झाला?" त्याला उत्तर माहीत नसतं, म्हणून तो बायकोला फोन करतो, आणि नवरा-बायकोचं बाळाबद्दलचं बोलणं तिथून सुरू होतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला होत असेल, तर दूध सहसा पुरतंय. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. या तारखा त्याच्या मोबाईलमध्ये हव्यात. त्यातल्या दोन भेटींना तरी तो स्वतः हजर हवा.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे मध आणि घुटी. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. मध तर वर्षभर नाही. हे सुनेने सांगितलं की भांडण होतं. मुलाने आपल्या आईला सांगायचं असतं, आणि ते वाक्य त्याच्याकडून आधी दोनदा म्हणवून घ्या.

बाळ दूध ओढत नाही, मलूल आहे, अंग गार किंवा तापलेलं आहे, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त आहे, छाती आत ओढली जातेय, तळहात-तळपाय पिवळे पडलेत: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. बाळाचं रडणं थांबेना आणि बापाचं डोकं तापलं, तर बाळाला उताणं सुरक्षित जागी ठेवून पाच मिनिटं बाहेर जायचं. बाळाला गदागदा हलवायचं नाही, कधीच नाही. मेंदूत रक्तस्राव होतो. बायकोची उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली तर डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

सोबती कुठे चुकतात तेही सांगायला हवं. उसने पैसे देऊ नका. फेडता आले नाहीत की तो फोन उचलणं बंद करतो. नवरा-बायकोच्या भांडणात पंच होऊ नका. "आमच्या वेळी" हे शब्द तोंडातून काढू नका. ज्याचं स्वतःचं मूल तीन ते सहा वर्षांचं आहे, असा सोबती सगळ्यात चांगला, कारण त्याला जागरण अजून आठवतं. एका वेळी दोनच बाप घ्या. आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन पहिल्याच भेटीत देऊन बसू नका. त्याची बायको अठराच्या आतली निघाली तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्या मुलीला आधार मिळावा म्हणून १०९८ या चाइल्डलाइनलाही फोन करा.

सुरुवात करायची असेल तर गावातल्या किंवा वस्तीतल्या आशाताईंना भेटा. कोणत्या घरात सातवा महिना चालू आहे हे त्यांना माहीत असतं. त्या घरी विचारून होकार घेतील, मगच तुम्ही फोन करा.